आवळावं की अडवावं?

ट्रायपॉडवर बसवलेला कॅमेरा आडव्या चौकटीत तासभर जागचा हलत नाही. तोच उभ्या चौकटीसाठी बाजूला कलता केला की लेन्सचं तोंड हळूहळू जमिनीकडे वळू लागतं. चौकट नीट लावून हात काढावा, तर शटर पडेपर्यंत समोरचा माणूस चौकटीत वर सरकलेला आणि त्याचा माथा कापलेला. हा दोष लहान लेन्सवर क्वचित दिसतो, जड लेन्सवर हटकून दिसतो, आणि त्यावर छायाचित्रकारांमध्ये सरळ दोन तट आहेत. एक म्हणतो आवळा, दुसरा म्हणतो अडवा. जुन्या शास्त्रचर्चेची रीत अशी, की आधी समोरच्याचं म्हणणं त्याच्याच ताकदीनं मांडायचं आणि मगच आपलं. ती इथे पाळतो. पूर्वपक्ष आहे लग्न, सभा, नाटक असं रोजचं काम करणाऱ्या आणि बरीचशी सामग्री भाड्यानं आणणाऱ्या माणसाचा. उत्तरपक्ष माझा.

पूर्वपक्ष : "अहो, यात शास्त्र कसलं? स्क्रू ढिला आहे म्हणून कॅमेरा फिरतो. प्लेटच्या खालच्या खाचेत नाणं घाला आणि चांगला आवळा. तरी फिरला, तर प्लेट आणि कॅमेरा यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला. रबर पकडतं, विषय संपला. आमच्याकडे एका कार्यक्रमाला तीन कॅमेरे आणि दोन ट्रायपॉड असतात, याच्या प्लेटवर त्याचा कॅमेरा चढतो. प्रत्येक बॉडीला वेगळं ब्रॅकेट घेत बसलो तर मिळकत त्यातच जाईल. आणि मला सांगा, कंपनीच प्लेटवर रबराची नाहीतर बुचाची पट्टी चिकटवून देते ना? म्हणजे घर्षण वाढवायचं, हे कारखानदारालाही मान्य आहे. मग तुम्ही का नाक मुरडता?"

उत्तरपक्ष : नाक मुरडण्याआधी एक गोष्ट ठरवू : फिरतंय नक्की काय? कॅमेऱ्यापासून जमिनीपर्यंत सांधे पुष्कळ आहेत. कॅमेरा आणि प्लेट, प्लेट आणि तिला धरणारा क्लॅम्प, हेडमधला गोळा आणि त्याची वाटी, हेड आणि पायांचा माथा, शिवाय मधला दांडा आणि पायांची कुलपं. यांतलं काहीही सुटलं तरी चौकटीत दिसणारा परिणाम सारखाच, आणि म्हणून बॉल हेड घसरत असताना लोक प्लेटचा स्क्रू आवळत बसतात. प्रत्येक सांध्यावर आरपार पेन्सिलीची एक रेघ मारावी किंवा कागदी टेपची पट्टी लावून ती सांध्यावर कापावी, कॅमेरा कलवावा आणि वाट पाहावी. जिथे रेघ तुटते तिथे दोष. ही तपासणी फुकट आहे आणि ती केल्याशिवाय पुढचा वाद व्यर्थ आहे. इथे रेघ कॅमेरा आणि प्लेट यांच्यामध्ये तुटली असं धरून चालतो, कारण कलवल्यावर लेन्स झुकण्याच्या तक्रारीत गुन्हेगार बहुधा हाच सांधा निघतो.

आता हा सांधा कसा आहे ते पाहा. आयएसओ १२२२ या मानकात ट्रायपॉडच्या जोडणीला दोन मापं आहेत : पाव इंची, इंचाला वीस आटे, आणि तीन अष्टमांश इंची, इंचाला सोळा आटे. पाव इंची माप फार जुनं आहे. जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये आट्यांची जी पद्धत मांडली तिच्यातही पाव इंचाला वीसच आटे होते. एवढा जुना आणि एवढा यशस्वी स्क्रू क्वचितच सापडेल, पण त्याचं काम आहे दोन वस्तू एकमेकींवर दाबून धरणं. कॅमेऱ्यानं त्याच्या अक्षाभोवती फिरू नये यासाठी त्यात काहीही योजलेलं नाही. आडव्या चौकटीत याची झळ लागत नाही, कारण तेव्हा स्क्रूचा अक्ष उभा असतो आणि गुरुत्वाकर्षण त्याच अक्षाच्या दिशेनं ओढतं. वजन कितीही असो, स्क्रूभोवती पीळ शून्य. कॅमेरा नव्वद अंशांत कलवला की अक्ष आडवा होतो आणि अक्षापासून पुढे असलेलं सगळं वजन तरफेसारखं लोंबतं. कॅमेरा आणि लेन्स मिळून दोन किलो आहेत आणि त्यांचा गुरुत्वमध्य स्क्रूच्या पाच सेंटिमीटर पुढे आहे असं धरा, तर पीळ येतो जवळपास एक न्यूटन-मीटर.

तो पीळ पेलायला आपल्याजवळ काय आहे? चिमटीत धरून किंवा प्लेटच्या कडीनं स्क्रू अर्ध्या न्यूटन-मीटरनं आवळला असं समजू. अभियंत्यांच्या नेहमीच्या हिशोबानं पाव इंची स्क्रूत यामुळे साधारण चारशे न्यूटनचा ताण येतो, म्हणजे चाळीस किलो वजनाएवढा दाब. कॅमेऱ्याचा तळ आणि प्लेट यांचा घर्षणांक पाव धरला आणि दाब सरासरी स्क्रूपासून एक सेंटिमीटरवर पडतो असं मानलं, तर घर्षण अडवू शकतं तो पीळ भरतो पुन्हा सुमारे एक न्यूटन-मीटर. ओढणारा एक, अडवणाराही एक. आकडे ढोबळ आहेत, तुमच्या कॅमेऱ्यावर ते थोडे इकडचे तिकडे होतील, पण त्यांतून एक कोडं सुटतं : तोच कॅमेरा, तीच प्लेट, काल धरून राहिली आणि आज का फिरली? कारण हा सांधा उंबरठ्यावरच उभा आहे. तळाला हाताचं तेल लागलं, प्लेट किंचित वाकडी बसली, एवढंही पुरतं.

पूर्वपक्ष : "थांबा, तुमचा हिशोब तर माझ्याच बाजूनं बोलतोय. अर्ध्याऐवजी एक न्यूटन-मीटरनं आवळला तर ताण दुप्पट, घर्षण दुप्पट. ओढणारा एक आणि अडवणारे दोन. चिमटीऐवजी अ‍ॅलन की वापरली की झालं. मी दुसरं काय सांगत होतो?"

उत्तरपक्ष : कागदावर हे खरं आहे, आणि अ‍ॅलन कीनं बसणारी प्लेट कडीवाल्या प्लेटपेक्षा चांगली हे मला पूर्ण मान्य आहे. अडचण पुढच्या पायरीवर येते. कॅमेऱ्याच्या तळातलं भोक उथळ असतं, त्यात बसणारे आटे मोजके, आणि त्यांच्याभोवतीची भिंत कधी मॅग्नेशियमच्या ओतीव पत्र्याची तर कधी प्लास्टिकची. लांब दांड्याच्या कीनं जोर लावला तर आधी हार मानतात ते कॅमेऱ्यातले आटे, आणि प्लेट बदलणं जेवढं सोपं तेवढं कॅमेऱ्याचा तळ बदलणं नाही. दुसरी अडचण अशी की आवळलेला स्क्रू आवळलेला राहील याची हमी नसते. १९६९ मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानं दाखवून दिलं, की बोल्ट सैल होण्याचं मुख्य कारण त्याच्या लांबीच्या दिशेनं बसणारे हादरे हे नसून सांध्यातल्या पृष्ठांचं आडवं सरकणं हे आहे. दोन पृष्ठं एकमेकांवर आडवी सरकली की आट्यांमधली पकड त्या क्षणी सुटते आणि स्क्रू कणाकणानं मागे फिरतो. म्हणून ज्या सांध्यात सरकण्याला जागा आहे तिथे नुसतं जास्त आवळून प्रश्न पुढे ढकलला जातो. लग्नाच्या हॉलमध्ये ट्रायपॉड खांद्यावर टाकून कॅमेऱ्यासकट पळणाऱ्या माणसानं हे विशेष लक्षात घ्यावं, कारण आडवे झटके सर्वांत जास्त बसतात ते तेव्हाच.

उंबरठ्यावरून आत यायला आणखी एक वाट आहे आणि ती आवळण्याहून स्वस्त आहे. गियोम आमोंतों या फ्रेंच संशोधकानं १६९९ मध्ये मांडलेला घर्षणाचा नियम सांगतो, की घर्षण दाबावर अवलंबून असतं, टेकलेल्या क्षेत्रफळावर नाही. म्हणून 'मोठी प्लेट म्हणजे जास्त पकड' हे जसंच्या तसं खरं नाही. मात्र पीळ अडवताना तोच घर्षणाचा जोर अक्षापासून किती लांब लागतो याला महत्त्व आहे. दार बिजागरीजवळ धरून अडवणं आणि कडेला धरून अडवणं यात जो फरक, तोच इथे. एक सेंटिमीटरऐवजी दोन सेंटिमीटरवर दाब पडला, की स्क्रू एक धागाही जास्त न आवळता अडवणारा पीळ दुप्पट होतो. मधोमध किंचित खोलगट आणि कडांना टेकणारी प्लेट सपाट दिसणाऱ्या प्लेटवर मात करते ती यामुळे. उलट मध्ये फुगीर झालेली, किंवा स्क्रूच्या डोक्याभोवतीच टेकणारी प्लेट कितीही आवळली तरी निरुपयोगी. प्लेट विकत घेताना तिच्यावर लोखंडी पट्टी उभी धरून कडा टेकतात की पोट टेकतं एवढं पाहावं. दुकानदार विचित्र नजरेनं बघेल, बघू द्यावं.

पूर्वपक्ष : "बरं, पण रबराचं काय? तुमचा आमोंतों रबराला लागू नाही, हे मलाही माहीत आहे. आणि तुमचाच युंकर म्हणतो की स्क्रू कणाकणानं मागे फिरतो. धातूवर धातू असेल तर स्क्रू जरा मागे आला की सगळा ताण गेला. मध्ये रबर असेल तर ते दाबलेल्या स्प्रिंगसारखं वर उठतं आणि ताण धरून ठेवतं. म्हणजे रबरच सुरक्षित."

उत्तरपक्ष : या सगळ्या वादातला पूर्वपक्षाचा हा सर्वांत बळकट मुद्दा आहे आणि तो अर्धा खरा आहे. पाव इंची स्क्रूचा एक आटा १.२७ मिलिमीटरचा, म्हणजे दहा अंशांच्या फिरण्यानं अंतर बदलतं ०.०३५ मिलिमीटर, कागदाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. धातूवर धातू असताना एवढ्या अंतरात ताणाचा मोठा भाग निघून जाऊ शकतो. दाबलेल्या रबराला ते जाणवतही नाही. पण याच गुणाची दुसरी बाजू पाहा. जे रबर उभं दबतं ते आडवंही वळतं. लेन्सच्या ओढीनं रबराचा वरचा थर खालच्या थराच्या तुलनेत सरकतो, एकही पृष्ठ न घसरता कॅमेरा एखाद-दोन अंश फिरतो, आणि चौकट बिघडायला तेवढं पुष्कळ. शटर उघडं असताना हेच डुलणं चित्रात धूसरपणा म्हणून उतरतं, आणि मग दोष लेन्सच्या माथी जातो. त्यातही रबर दाबाखाली हळूहळू बसतं; सकाळी आवळलेला स्क्रू दुपारी ढिला लागतो तो कोणी सैल केला म्हणून नव्हे, तर खालचं रबर पातळ झालं म्हणून. उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत ठेवलेल्या प्लेटवर ही गती वाढते आणि पट्टीचा गोंदही सुटू लागतो. तेव्हा निर्णय असा : कंपनीची पातळ, कडक, खवलेदार पट्टी ठेवावी, सायकलच्या ट्यूबचा जाड मऊ तुकडा घालू नये. आणि रबर ठेवलंच तर कॅमेरा चढवल्यावर थोड्या वेळानं स्क्रू पुन्हा एकदा आवळावा, कारण रबराचं बसणं सुरुवातीलाच सर्वांत जास्त असतं. काहीजण मध्ये बारीक पॉलिश पेपर चिकटवतात. तो पकडतो खरा, पण तळ ओरबाडतो, आणि कॅमेरा भाड्याचा असेल तर परत करताना अनामत रकमेवरून वाद होतो.

हे सगळं मान्य केलं तरी आपण अजून घर्षणाच्याच राज्यात आहोत. अडवण्याचा विचार इथून निराळा होतो. प्लेटच्या मागच्या काठावर एक छोटी उभी पट्टी असेल आणि ती कॅमेऱ्याच्या पाठीला चिकटून बसत असेल, तर कॅमेऱ्याला फिरण्यासाठी ती पट्टी वाकवावी लागेल. तो एक न्यूटन-मीटरचा पीळ, स्क्रूपासून दोन सेंटिमीटरवर टेकणाऱ्या पट्टीवर, म्हणजे पन्नास न्यूटनचा दाब. पाच किलो वजनाएवढा. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीला ते काहीच नाही. इथे घर्षणांक किती, तेल लागलं का, रबर बसलं का, हे प्रश्न उरत नाहीत. व्हिडिओ कॅमेरे बनवणाऱ्यांनी हे फार आधी ओळखलं. म्हणून व्हिडिओ प्लेटवर स्क्रूशेजारी स्प्रिंगवर बसवलेली छोटी खुंटी असते आणि कॅमकॉर्डरच्या तळाला तिच्यासाठी भोक असतं. सिनेमाच्या कॅमेऱ्यांच्या तळाला तर एकाहून अधिक स्क्रू लावण्याची सोय असते, आणि दोन स्क्रू लागले की फिरण्याचा प्रश्नच मिटतो. छायाचित्रणाच्या पुष्कळ कॅमेऱ्यांना ते खुंटीचं भोक नसतं, आणि त्यांच्या मालकांना व्हिडिओची प्लेट दिली की खुंटी तळाला टेकून कॅमेरा तिरका बसतो. मग ते खुंटीच उपटून टाकतात. खुंटी उपटण्यापेक्षा प्लेट बदलणं शहाणपणाचं.

इथे अडवणाऱ्यांच्या तटातल्या एका समजुतीचाही समाचार घ्यायला हवा, कारण आपल्या बाजूची चूक झाकून वाद जिंकणं बरं नव्हे. इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचं ब्रॅकेट घेतलं की उभ्या चौकटीत पीळच उरत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. ब्रॅकेटमुळे बॉल हेडला नव्वद अंश कलावं लागत नाही आणि वजन पुन्हा ट्रायपॉडच्या मधोमध येतं, हे त्याचे खरे आणि मोठे फायदे. पण ब्रॅकेट स्वतः कॅमेऱ्याला धरतं ते त्याच तळाच्या स्क्रूनं, आणि कॅमेरा उभा केला की तो स्क्रू आडवाच होतो. लेन्सचा पीळ जसाच्या तसा राहतो, फक्त आता तो ब्रॅकेट आणि कॅमेरा यांच्यामध्ये असतो. तो पेलतात ब्रॅकेटचे बॉडीच्या आकाराला घट्ट बसणारे काठ. म्हणून त्याच मॉडेलसाठी बनवलेलं ब्रॅकेट काम करतं, आणि 'सर्व कॅमेऱ्यांसाठी' म्हणून विकलं जाणारं, कुठेच न बिलगणारं ब्रॅकेट पैसे खर्चूनही घसरतं. पीळ खरोखर शून्य करणारी एकच सोय आहे : जड लेन्सला असलेली फिरती कॉलर. ट्रायपॉडला लेन्सचा पाय लावला आणि कॅमेरा कॉलरमध्ये फिरवला, तर चौकट उभी होते पण स्क्रूचा अक्ष उभाच राहतो. कॉलर असलेली लेन्स कॅमेऱ्याच्या तळाला धरून लावणं हा मात्र शुद्ध आळस आहे, आणि त्यात लेन्सच्या माउंटवरही विनाकारण भार येतो.

पूर्वपक्ष : "ठीक आहे. पण काठवाली प्लेट एका बॉडीला बसते, दुसरीला बसत नाही. भाड्याच्या दुकानातून आज ही बॉडी, उद्या ती. आणि प्लेट नीट असली तरी क्लॅम्पमधून घसरली तर? माझ्याकडे प्लेट एका कंपनीची, क्लॅम्प दुसऱ्याचा."

उत्तरपक्ष : क्लॅम्पबद्दलची शंका अगदी रास्त आहे. आर्का-स्विस पद्धतीच्या प्लेटची रुंदी साधारण अडतीस मिलिमीटर आणि कडा पंचेचाळीस अंशांच्या, असं सगळे सांगतात, पण प्रत्येक कारखाना ती आपापल्या परीनं कापतो. स्क्रूनं आवळायचा क्लॅम्प हा फरक पोटात घेतो. दांडी दाबून बंद होणारा क्लॅम्प एकाच रुंदीला जुळवलेला असतो, त्यात परकी प्लेट एकतर बसत नाही किंवा बसूनही हलते. मिसळ सामग्री वापरणाऱ्यानं स्क्रूवाला क्लॅम्पच घ्यावा, आणि प्लेटच्या टोकांना असलेले छोटे सुरक्षा-स्क्रू काढून फेकू नयेत. क्लॅम्प अर्धवट सुटला तर कॅमेरा जमिनीवर जाण्यापासून तेच वाचवतात. हेड आणि पाय यांच्या सांध्याची गोष्ट वेगळी. हेड वरून पाहताना डावीकडे फिरवलं की ते पायांवरून उलगडतं, म्हणून चांगल्या ट्रायपॉडच्या माथ्याखाली अडवणारे बारीक स्क्रू असतात. ते नसतील तर तिथे मध्यम ताकदीच्या, निळ्या लॉक्टाइटचा थेंब चालतो, कारण तो सांधा रोज उघडायचा नसतो. कॅमेऱ्याच्या तळात मात्र तो घालू नये. रोज उघडायच्या स्क्रूला त्याचा उपयोग नाही, आणि असले द्रव काही प्लास्टिकना तडे पाडतात.

भाड्याच्या बॉडीबद्दल मी मागे सरतो. प्रत्येक बॉडीला ब्रॅकेट हा सल्ला ज्याच्याकडे एकच कॅमेरा आहे त्याच्यासाठी आहे. आणि जिथे ओझंच कमी, तिथे पूर्वपक्ष सरळ जिंकतो : अर्ध्या किलोचा कॅमेरा, गुरुत्वमध्य दोन सेंटिमीटर पुढे, की पीळ येतो एक दशांश न्यूटन-मीटर. चिमटीनं आवळलेला स्क्रू त्याच्या दहापट धरतो. तिथे काठ, खुंटी, ब्रॅकेट हा सगळा थाट अनावश्यक आहे.

जड लेन्स, भाड्याची बॉडी आणि साधी प्लेट एवढंच हाताशी असेल, तर एक उपाय उरतो आणि त्याला पैसे लागत नाहीत. बहुतेक लोक उभ्या चौकटीसाठी कॅमेरा डावीकडे कलवतात, कारण मग शटरचं बटण वर राहतं. पण डावीकडे कलवल्यावर लेन्स खाली झुकते तेव्हा कॅमेरा स्क्रूवर उलगडण्याच्या दिशेनं फिरतो. उजवीकडे कलवला तर तीच लेन्स झुकताना कॅमेऱ्याला स्क्रूवर आवळत जाते.

पूर्वपक्ष : "मग बटण खाली येतं, आणि हेडची खाच डावीकडे आहे."

उत्तरपक्ष : खाच उजवीकडे आणायला हेडचा तळ अर्धा फेरा फिरवावा. बटणाऐवजी रिमोट किंवा दोन सेकंदांचा टायमर वापरावा, जड लेन्सला तो एरवीही वापरायलाच हवा. पहिल्या एक-दोन अंशांत चौकट थोडी उतरेल. लेन्सला हातानं खालच्या दिशेनं हलका दाब देऊन ती उतरण आधीच उरकून घ्यावी आणि मग चौकट लावावी. प्लेट काढताना ती नेहमीपेक्षा घट्ट बसलेली लागेल, तेव्हा अ‍ॅलन की बॅगेत असू द्या.